नारिंगी शिटी

कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये काहीतरी खडखडलं आणि मी दचकलेच, इतकं घर शांत होतं. माझी लेक विला दुपारची झोपली होती. ती उठू नये म्हणून घाईघाईने ड्रायर थांबवला, आत हात घातला. माझ्या गणवेशाच्या खिशातून शिटी निघाली, नारिंगी, प्लॅस्टिकची. ती मी ओट्यावर ठेवली.

आमच्या वनउद्यानात मी घेते त्या रानवर्गाला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात मी अशी शिटी घालते आणि सांगते, "वाट चुकलात तर चालायचं नाही. जवळच्या झाडाला मिठी मारायची, तिथेच थांबायचं, शिटी वाजवायची. आम्ही येतोच."

टेसालाही मीच घातली होती. आठ वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. "झाडाला गुदगुल्या झाल्या तर?" असं विचारून तिने सगळ्या वर्गाला हसवलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली. लाइल, आमच्या उद्यानाचा अधीक्षक. समारंभाचा कडक गणवेश, हातात रुंद काठाची टोपी.

"अजून तयार नाहीस? चल, बक्षीस समारंभाच्या जेवणात यंदा बीफ आहे म्हणे. गेल्या वर्षीचं चिकन चावताना माझी दाढ हलली होती."

"मी येत नाहीये, लाइल."

"वाः! वर्षातली सर्वोत्तम कर्मचारी घरी मोज्यांच्या जोड्या लावणार!"

"ते बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी द्या."

तो हसायचा थांबला. खुर्ची ओढून बसला. मी कॉफी ओतली, त्याने ती घेतली नाही.

ऑक्टोबरात टेसा आईवडिलांबरोबर कड्यावरच्या वाटेने गेली होती आणि मागे राहिली. संध्याकाळी बर्फाळ पाऊस सुरू झाला. शोधमोहीम लाइलने चालवली. हरवलेली मुलं उताराला लागतात, पाण्याच्या आवाजाकडे जातात, हे आमच्यातल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक. म्हणून सगळे खाली ओढ्याला गेले. फुगलेल्या पाण्याच्या आवाजात वरची शिटी कुणाला ऐकू येणार? विलाला ताप होता, मी घरी होते. असते तर मला तरी सुचलं असतं का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेसा वरच सापडली. वाटेपासून हाकेच्या अंतरावर, हेमलॉकच्या झाडाच्या बुंध्याला मिठी मारून. जराही हलली नव्हती.

"थांबायला तू शिकवलंस," लाइल टोपीचा काठ फिरवत म्हणाला, "आणि शोधायला मी खाली गेलो. तुझं चुकलं नाही, पोरी."

"मग बक्षीस कशाचं? इतकं छान शिकवलं की ती मरेपर्यंत विसरली नाही, याचं?"

त्याने टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "तुझं नाव ऑफिसने सुचवलेलं नाही. तिच्या आईने सुचवलंय."

माझ्या हातातला विलाचा मोजा खाली पडला.

"ती आज येणार आहे. तिला तुला एकच विचारायचंय. टेसा घाबरली नसेल ना? काय करायचं ते तिला माहीत होतं, म्हणजे घाबरली नसेलच ना? मला विचारलं तिने. मी म्हटलं, ते तिला शिकवणारीलाच विचारा." त्याने टोपी उचलली. "मला नाही सांगता आलं गं. तू मुलांना ओळखतेस."

"मी खोटं बोलू?"

"मला माहीत नाही. पण ती माउली एकटी बसलेली मला बघवणार नाही."

तो बाहेर गाडीत जाऊन बसला. इंजिन सुरू केलं नाही. मी गणवेश चढवला. कापड अजून कोमट होतं. आरशासमोर बटणं लावताना मनात वाक्यं जुळवत होते: ती शूर होती. तिला ठाऊक होतं, कुणीतरी येणार. हेच तर सगळ्यात वाईट. तिला ठाऊक होतं.

मागे पावलं वाजली. विला उठली होती, गालावर उशीच्या घड्या. ओट्यावरची शिटी उचलून तिने गळ्यात घातली आणि माझ्या मांडीला बिलगली, झाडाला बिलगावं तशी.

"आई, मी हरवले तर थांबू की चालू?"