कंपनीची बाई

फोन दुकानात आला की मी आधी अपडेट मारतो. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते नंतर. स्क्रीन फुटलेली असो, चार्जिंगचा पॉइंट गेलेला असो, माझं बोट आधी सेटिंगमध्ये जातं आणि सिस्टिम अपडेटवर पडतं. दहा वर्षांची सवय. मोबाइलमधलं अंगदला कळतं, असं आमच्या फाट्यावर सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

त्या सवयीनं एका माणसाचं घर उठलं. म्हणजे सुरुवात सवयीनं झाली. पुढचं मी केलं.

म्हाळूआबा मेंढरं राखायचा. गावाच्या गायरानावर, तळ्याच्या वरच्या अंगाला, त्याच्या आज्याच्या काळापासून त्यांचं कोपटं. तो आणि त्याची बायको रतनबाई, दोघंच. पोरगी बबिता, ती युसूफ वडगाव या गावाला दिलेली. त्याच गायरानावर आमचे माजी सभापती सुंदरराव सोलरवाल्यांना जागा दाखवणार होते. कोपटं मधोमध येत होतं. आधी निरोप गेले, मग दमदाटी झाली. मग भादव्यात एका सकाळी मेंढरं तळ्यावर पाणी पीत असताना सुंदररावांची जीप त्यांच्यात घातली गेली. एकोणीस मेंढरं मेली, त्यातली सात गाभण. तिथं रस्ता नाही. तिथं चुकून जीप जातच नाही.

म्हाळूआबानं आपल्या बटणाच्या फोनवरून सुंदररावांना फोन लावला. सुंदरराव सरळ म्हणाले, "व्हय, मीच घालायला लावली. पुढच्या खेपंला कोपट्यावर घालतो, तू आत निजलेला असताना."

आबा हे सांगायला ठाण्यात गेला. हवालदार बरा माणूस होता. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "आबा, तुमचं खरं असंल. पण ते न्हाई म्हनले की मिटलं. क्लिप आणा. एकदा त्यांच्या तोंडून आलं की सायबाला गुन्हा घ्यावाच लागतोय. गुन्हा घेतला की गायरानावर तुम्हाला कुणी हात लावत न्हाई."

आमच्याकडं क्लिप म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. सरपंच ग्रामसेवकाचं बोलणं साठवतो, ग्रामसेवक सरपंचाचं. सासरा जावयाचं साठवतो. लग्न मोडायचं असलं तरी आधी क्लिप ऐकवतात, मग भांडतात.

तर रतनबाई माझ्या दुकानात आली. बबितानं दिलेला जुना फोन तिनं दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वरून रबर लावून आणला होता.

"लेकरा, समोरच्याचं बोलणं ह्यात धरून ठिवायचं ॲप घालून दे. त्याला कळू न देता."

"कुणाचं बोलणं, काकू?"

तिनं सगळं सांगितलं. तळ्याचं पाणी दोन दिवस लाल होतं, हेही सांगितलं. मी हं हं करत होतो. आणि ती सांगत असतानाच माझं बोट सेटिंगमध्ये गेलं होतं आणि अपडेट सुरू झालं होतं.

बावीस टक्क्यांवर माझ्या डोक्यात उजेड पडला.

त्या फोनचं व्हर्जन जुनं होतं. जुन्या व्हर्जनवर एक बारकं ॲप टाकलं की दोन्हीकडचा आवाज गुपचूप साठतो. मीच पन्नास जणांना टाकून दिलंय. नव्या व्हर्जनवर ते ॲप फक्त आपलाच आवाज धरतं. मग फोनमधलंच रेकॉर्डिंग वापरावं लागतं, आणि ते दाबलं की एक बाई इंग्रजीत बोलते. कॉल रेकॉर्ड होतोय, असं दोघांनाही स्वच्छ ऐकवते. रतनबाईला पाहिजे तेच त्या फोनमध्ये आयतं होतं आणि मी ते पुसत बसलो होतो. मध्येच बंद केलं असतं तर फोनची वीट झाली असती, पुन्हा चालूच झाला नसता.

माझ्या ड्रॉवरमध्ये तीन जुने फोन पडून होते. "काकू, चुकलं माझं, हा घ्या," एवढं म्हणायचं होतं. मला ते म्हणवलं नाही. मोबाइलमधलं अंगदला कळतं.

"काकू, टाइम लागंल. एसटीच्या शेडात बसा जा."

ती गेली आणि सुग्रीव आला. सुग्रीव सुंदररावांच्या जीपवर ड्रायव्हर. म्हणजे त्या सकाळी स्टिअरिंगवर कोण होता हे वेगळं सांगायला नको. माझं दुकान सुंदररावांच्या गाळ्यात, त्यामुळं तो येतो तेव्हा उभा राहत नाही, माझ्या खुर्चीवर बसतो.

"कुणाचा हाय बे ह्यो?"

"रतनकाकूचा."

"मेंढरावालीचा? तिला कावून लागलाय असला फोन?"

पोरीला व्हिडिओ कॉल करायला लागलाय, असं म्हणता आलं असतं. ते सुचलं होतं, तोंडाशी आलं होतं. पण मला ठाऊक असलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही. मी त्याला सगळं सांगितलं, आणि भीतीनं नाही, ऐटीत सांगितलं. कंपनीनं नव्या व्हर्जनमध्ये काय काय बदललं, कुठलं ॲप चालतं, कुठलं चालत नाही, बाई कधी बोलते. गिऱ्हाइकाला टीप देतात तसं.

सुग्रीव इतका हसला की खुर्ची मागं सरकली.

"म्हंजी ती बाईच वरडून सांगनार, सायेब, जपून बोला?"

"व्हय."

"लई बेस. मग ऱ्हाऊ दे तसंच. म्हातारीला काय बोलायचं न्हाई." त्यानं वर, शटरकडं बघितलं. "गाळा चांगला हाय बे तुझा. हवेशीर."

तो गेला तेव्हा फोन एकसष्ट टक्क्यांवर होता.

रतनबाई परत आली तर फोन चालू होऊन बसला होता, तव्यासारखा तापलेला. चिन्हं सगळी गोल आणि मोठी झालेली. घड्याळ मधून कोपऱ्यात गेलेलं. कॉल उचलायला आधी बटण दाबायचं, आता ते सरकवायचं. तिनं फोन हातात घेतला आणि घाबरली.

"आरं ह्ये काय केलंस? माझ्या नातवाचा फोटू व्हता हितं."

"हाय, काकू. मागं गेलाय." मी शोधून पुढं आणून दिला. तिनं त्याच्यावरून अंगठा फिरवला, तर फोटो सरकून दुसराच आला. पुन्हा आणून दिला.

मग शिकवलं. हिरवं चिन्ह दाबायचं. नाव दाबायचं. समोरचा बोलला की हे गोल बटण दाबायचं. तिनं चार वेळा करून बघितलं. हुशार बाई, पाचव्यांदा चुकली नाही. मग मी माझ्या दुसऱ्या फोनवर तिला कॉल करायला लावला. तिनं गोल बटण दाबलं. दोन्ही फोनमधून बाई बोलली.

रतनबाईनं मान वर केली. "ही बाई काय म्हनली?"

ती माझ्याकडं बघत होती. मी चार्जरची पाकिटं नीट लावत होतो.

"कंपनीची बाई हाय, काकू. ती बोलतच असती. तिच्याकडं ध्यान द्यायचं न्हाई."

तिला पटलं. कसं पटणार नाही? कंपनीची बाई तिनं आयुष्यभर ऐकली होती. नंबर लागत नाही म्हणून सांगणारी, रिचार्ज संपला म्हणणारी, गाणं लावून घ्या म्हणून मागं लागणारी. तिचं कोण ऐकतं? वर मी तिला एक चार्जर विकला. नव्या व्हर्जनला बॅटरी जास्त लागते म्हणालो. ते मात्र खरं होतं.

पुढं काय झालं ते मला त्या क्लिपमधूनच कळलं. ठाण्यातून फुटून तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर ती आली.

आधी बाई बोलते. मग सुंदररावांचा आवाज. असा मऊ आवाज मी त्यांचा प्रचारातसुद्धा ऐकला नव्हता.

"राम राम, म्हाळूदादा. बरं झालं फोन केलात. मेंढरांचं कळलं, जीव तुटला बघा. कुणाची गाडी होती, काही समजलं का?"

मग म्हाळूआबाचा आवाज.

"मालक, तुमीच म्हनला न्हवं का मला? जीप मीच घालायला लावली म्हून."

"मी? दादा, माझी जीप आठ दिवस झाले धारूरला गॅरेजात आहे. तुम्हाला कुणीतरी भरवलंय."

मागून रतनबाई कुजबुजते, "त्याला म्हना, कोपट्यावर घालतो म्हनला व्हतास."

"वहिनी बोलतात का मागून? त्यांना जरा दवाखान्यात दाखवा, दादा. डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात लोक. मेंढरं आपल्याच हयगयीनं तळ्यात बुडवली आणि आता दुसऱ्यावर घालतात, असं म्हणतात. मी म्हणत नाही. लोक म्हणतात."

मग म्हाळूआबाचा तोल गेला. एकोणीस मेंढरं त्यानं स्वतः ओढून खड्ड्यात घातली होती. गाभण मेंढ्यांची पोटं फुटलेली त्यानं बघितली होती.

"तुझ्या आयला! तुझी जीप पेटवतो मी. तुला आत बसवून पेटवतो. जित्ता सोडत न्हाई तुला!"

"देव तुमचं भलं करो, दादा," सुंदरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आबा फोन घेऊन ठाण्यात गेला. त्याला वाटलं, जीप हा शब्द आलाय, कोपटं हा शब्द आलाय, सायबाला समजंल. त्याच्या आधी सुंदररावांची तक्रार तिथं पोचली होती. जिवे मारण्याची धमकी. पुरावा आरोपीच्याच फोनमध्ये आहे, असं तक्रारीत लिहिलं होतं. आबानं तो पुरावा आपल्या हातानं टेबलावर ठेवला.

साहेबानं क्लिप लावली. मग पुन्हा लावली.

"ही बाई काय म्हणते, कळतं का?"

"कंपनीची बाई हाय ती, सायेब."

सगळं ठाणं हसलं. हवालदार हसला नाही म्हणतात. त्यानं बाई काय म्हणते ते आबाला मराठीत सांगितलं आणि फोन पाकिटात घालून वर सील मारलं.

आबा आत गेला. जामिनाला उभं राहायला बबिताचा नवरा येईपर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत गायरानावर जेसीबी चालला. कोपट्याला किती वेळ लागतो? उरलेली मेंढरं हाकत रतनबाई एकटी लेकीच्या गावाला गेली. क्लिप ज्या त्या मोबाइलवर वाजत होती. माझ्या दुकानात लोक ती ऐकून आबाची नक्कल करायचे. "तुझ्या आयला!" आणि मग त्या बाईचीही नक्कल, नाकातून. मीही हसायचो. गिऱ्हाईक हसलं की दुकानदारानं हसावं लागतं.

दिवाळीच्या आधीच्या बाजारी रतनबाई दुकानात आली. मी मान खाली घालून एका फोनची काच बसवत होतो.

"अंगद."

लेकरा म्हणाली नाही.

"ती बाई काय म्हनली व्हती, ते म्हन."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी हळूच म्हणालो, "काकू, मागं बसा जरा."

"मला त्या हवालदारानं सांगितलंय. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तुला त्या दिशी ठावं व्हतं का न्हाई?"

"व्हतं."

तेवढ्यात सुग्रीव आत आला. त्यानं तिला बघितलं, ओळखलं, आणि तिच्या खांद्यावरून हात लांब करून एक महागडा फोन माझ्यापुढं ठेवला.

"अंगद्या, सायबाच्या फोनला आपोआप अपडेट आलंय बे. आता कॉल साठवायला गेलं की त्यातबी ती रांड बोलाया लागली. हिचं तोंड बंद कर. सायबाला उद्या लई जणास्नी फोन लावायचे हायती."

करता येतं. त्याला टीप आहे. बाईचा आवाज दाबणारं दुसरंच एक बारकं ॲप टाकायचं, तीन परमिशन द्यायच्या, आवाजाच्या सेटिंगमध्ये एक बदल करायचा. रेकॉर्डिंग होतं आणि बाई गप्प राहते. मला ती टीप पावसाळ्याच्या आधीपासून माहीत होती.

मी ती रतनबाईसमोर केली. ती जागची हलली नाही. माझी बोटं कुठं कुठं जातात ते बघत राहिली, त्या दिवशी गोल बटण शिकताना बघत होती तसं. झाल्यावर सुग्रीवनं त्या फोनवरून माझ्या फोनवर कॉल लावला. मी त्याच्या हातातल्या फोनवरचं गोल बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. "हॅलो, हॅलो," सुग्रीव म्हणाला. मग रेकॉर्डिंग लावून बघितलं. "हॅलो, हॅलो" स्वच्छ आलं होतं.

"वा रे पठ्ठ्या," सुग्रीव म्हणाला आणि फोन घेऊन गेला.

रतनबाईनं विचारलं, "हे माझ्या फोनात करता येत व्हतं?"

"व्हय."

तिनं कमरेची पिशवी सोडली. वाटलं, विळा काढते. तिनं तो चार्जर काढला. वायर नीट गुंडाळलेली, वर तेच दुधाच्या पिशवीचं रबर.

"ह्ये घे. फोन ठाण्यात हाय. आमच्यात दुसऱ्या कुनाच्या फोनला बसत न्हाई."

काउंटरवर ठेवला आणि ती उतरून गेली. बाजारातल्या गर्दीत तिचं लुगडं थोडा वेळ दिसलं.

चार्जर चांगला होता. फारसा वापरलेलाच नव्हता. मी तो फडक्यानं पुसला, पाकिटात घातला आणि परत खिळ्याला अडकवला. अंधार पडायच्या आत विकला गेला.