फांदीची चौकशी

माझ्या भावोजींनी एका दुपारी साबणाचं अख्खं गोदाम पाडलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. पातळ साबणाचे कॅन रॅकवर पार छतापर्यंत रचलेले. भावोजी फोर्कलिफ्ट चालवतात. वळताना गाडीचा कोपरा एका रॅकच्या खांबाला लागला, तो रॅक कलला आणि त्याच्यामागोमाग या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे रॅक जमिनीवर आले. बाकीची मंडळी बाहेर जेवायला बसली होती म्हणून वाचली. भावोजी गाडीच्या पिंजऱ्यात शाबूत राहिले. अग्निशमन दलानं मोठ्या तत्परतेनं पाण्याचा फवारा मारला, त्यामुळे त्यांना कंबरभर फेसातून ओढून काढावं लागलं. इतके स्वच्छ ते लग्नातही नव्हते, असं ताई म्हणाली आणि मग रडायला लागली.

अपघातांची चौकशी करणं हे माझं पोटापाण्याचं काम. प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मी साहेबांना नातं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, बाकीचे दोघं रजेवर आहेत, आणि नातेवाइकाशी माणूस खोटं तरी बोलत नाही. साहेबांना नातेवाईक नसावेत.

गोदामाच्या मॅनेजरनं माझं काम आधीच करून ठेवलं होतं. ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असा निष्कर्ष टाइप करून तयार, खाली फक्त माझी सही हवी होती. सही झाली की भावोजींची नोकरी जाणार आणि या वयात त्यांना दारात कुणी उभं करणार नाही, हे त्याला, मला आणि ताईला सारखंच ठाऊक होतं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी फांदी मोडली की शहाणीसुरती माणसं कावळ्याचं नाव विचारत येतात. मी त्या वाकलेल्या खांबापाशी उकिडवी बसले. त्यावर फोर्कलिफ्टच्या पिवळ्या रंगाचे इतके ओरखडे होते की खांबाचा मूळ रंग शोधावा लागला. म्हणजे धक्के रोजच लागत होते. मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, लागायचे की, पण तेव्हा काही पडायचं नाही. हे तो स्वतःच्या बाजूनं बोलला असं त्याला वाटत होतं.

पूर्वी पडायचं, असं जुन्या हमालांनी सांगितलं. अधूनमधून एखादा रॅक कलंडायचा, थोडे कॅन फुटायचे, मग शिवीगाळ, मग पुसापुशी. त्यानंतर बरेच दिवस सगळे जपून असायचे. माल कमी चढवायचे, वाकलेले खांब बदलायचे. भांड्याला भांडं लागणारच, असं म्हणून चाललेला संसार होता. मग कुणीतरी डोकं लढवलं आणि सगळे रॅक वरच्या बाजूनं लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना बांधून टाकले. एक कलला तर शेजारचे धरतील.

धरलंही. त्यानंतर एकही रॅक पडला नाही. पडत नाही म्हटल्यावर मॅनेजरनं वर आणखी एक मजला चढवला, मग त्याच्यावर आणखी एक. वाकलेले खांब तसेच राहिले, कारण त्यांचा भार शेजारी उचलत होते. प्रत्येक रॅक थोडाथोडा दुसऱ्याच्या जिवावर उभा राहिला आणि शेवटी स्वतःच्या पायावर कुणीच उरलं नाही. अशा वेळी पहिला कुठल्या धक्क्यानं जातो याला काही अर्थ नसतो. तो जाताना बाकीच्यांचा हात सोडत नाही, एवढंच. लहान पडझड बंद केली की मोठी साठत जाते. आमचं सगळं शास्त्र एवढंच आहे, बाकी आम्ही आलेख काढतो.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. भावोजी सुटले होते. जाता जाता मी मॅनेजरला विचारलं की पट्ट्यांची कल्पना कुणाची. त्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. म्हणाला, तुम्हाला माहीत नाही? नानापट्टी म्हणतात तिला, कंपनीनं सगळ्या गोदामांत बसवली आहे.

कामावर भावोजींना नाना म्हणतात. ताईच्या भिंतीवरचं बक्षिसाचं घड्याळ मी कित्येक वर्षं बघत आले होते. ते कशाबद्दल मिळालं, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईकडे गेले. तिनं चहा टाकला. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, की धक्क्याचा दोष नाही, नोकरी राहील, पण पट्टीचं लिहावं लागेल. ताईनं सुटकेचा निःश्वास टाकला. भावोजींनी कप बाजूला सारला.

“मेहुणीबाई, धक्का माझाच होता,” ते म्हणाले. “तसंच लिही.”

ताई कडाडली, की नोकऱ्या काय झाडाला लागतात का. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“गाडी चालवणाऱ्याचा हात कधीतरी चुकतो. त्यात लाज नाही. पण आयुष्यात मला एकच गोष्ट सुचली गं.”

मला रडू यायला लागलं की मी चिडते. चिडून म्हणाले, की बाकीच्या गोदामांत त्या पट्ट्यांखाली अजून माणसं आहेत. यावर त्यांनी इतकंच विचारलं, की तिथली माणसं जेवायला कुठं बसतात. मी तिथं कधी गेले नव्हते. ते पट्ट्या बसवायला गेले होते, त्यामुळे उत्तरही त्यांनीच दिलं.

“रॅकच्या मधल्या बोळात. तिथं गार असतं.”

चहा तसाच ठेवून ते चपला शोधायला लागले.

सगळ्यात जवळचं गोदाम गाठेपर्यंत जेवणाची वेळ झाली. वाटेत मी बाकीच्या गोदामांना फोन लावले. सगळ्यांनी लेखी मागितलं. इथल्या मुकादमानं माझं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं आणि सांगितलं, की मुख्य कार्यालयाचं पत्र आल्याशिवाय नानापट्टीला हात लावायचा नाही असा नियम आहे. त्याच्या मागे बोळात माणसं डबे उघडून बसली होती, खांबांना पाठ टेकून. वर कॅनचे मजले बघितले आणि माझा आवाज आपोआप खाली आला. एरवी तो कुणालाही खाली आणता आलेला नाही.

भावोजींना मी आत जाऊ नका म्हणून बजावलं होतं. ते गेले. बोळाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. कुणीतरी विचारलं, की आपण कोण.

“मी नाना. ही पट्टी माझी आहे. मी चुकलो. जेवण बाहेर घ्या.”

घास हातातच राहिले. त्यांच्याच वयाचा एक हमाल होता. त्यानं मान वर करून पट्टी पाहिली, मग भावोजींना पाहिलं, आणि समजूत घालावी तसा बोलला.

“पण नाना, इतक्या वर्षांत एकदाही काही पडलं नाही इथं.”

“म्हणून तर आलोय,” भावोजी म्हणाले. “ऊठ.”