तव्याचा बूट

रुही खांबेटेच्या मोटरसायकलला ब्रेक नाहीत, ही गोष्ट अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या मराठी मंडळींना बारा वर्षांत पचलेली नाही. दर गणपतीला कुणीतरी काका तोंडातला मोदक सावरत विचारणारच, "अगं, मग थांबतेस कशी?" थांबायला जातंय कोण तिथे! स्पीडवे म्हणतात त्याला. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडची. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीला लावून गाडी तोलायची. त्या पायातल्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो. तो नसेल तर बूट मातीत रुततो आणि घोटा कामातून जातो.

यंदा अरुणकाकांनी सल्लाच दिला, "एकतिशी आली, कॉलरबोन मोडून झालं, आता एखादा सेफ जॉब बघ." रुहीनं मान डोलावली आणि आणखी एक मोदक घेतला. सल्ला देणाऱ्याला ती कधी उलट बोलत नाही, आणि त्याचं कधी ऐकतही नाही.

त्या मोडलेल्या हाडानं तिचा अर्धा सीझन खाल्ला होता. उरली होती आजची शनिवारची रेस. पहिली आली तर नॅशनल फायनल. नाही आली तर पुढच्या वर्षी टीममधली तिची जागा दुसऱ्याला, असं मालकानं तोंडावर सांगितलं होतं. बारा वर्षं या मातीत घालवली तिनं, आणि निकाल लागणार होता एका मिनिटात.

आणि नेमकी आजच आई बरोबर निघाली. सुलेखाबाईंनी आजवर एकही रेस पाहिली नव्हती. "खांदा दुखतोय तुझा, सामान मी भरते," म्हणाल्या. ट्रॅकवरचं खाणं कसलं असतं कोण जाणे, म्हणून व्हॅनमध्ये शेगडी, तवा आणि थालीपिठाचं पीठही घेतलं. चार तासांचा ड्राइव्ह करून दोघी पोचल्या. आईनं शेगडी पेटवली, रुहीनं बॅग उघडली. हेल्मेट होतं, ग्लव्हज होते, बाप्पाच्या प्रसादाचा डबा होता. पोलादी तळ नव्हता.

"आई, व्हेअर इज माय स्टील शू?"

"ते मळकं, ऑइल लागलेलं? गॅरेजच्या रॅकवर ठेवलं. प्रसादाशेजारी पायातलं ठेवतात का कुणी?"

रुहीच्या पायाखालची जमीनच सरकली. हीटला, म्हणजे तिच्या रेसला, दोन तास; घर चार तासांवर. रायडर गाड्या तयार करतात त्या पिटभर ती फिरून आली, पण इतरांचे तळ तिच्या पायाला दोन बोटं मोठे. परत आली ती धुमसतच.

"यू वॉन्टेड धिस, आई. मी रेस करणं नकोच होतं तुला."

"हो, नकोच होतं," सुलेखाबाई म्हणाल्या. "दर शनिवारी फोन मांडीवर घेऊन बसते मी. वाजला तरी जीव जातो, नाही वाजला तरी जातो. पण तुला असं पाडायचं असतं, तर बारा वर्षं गप्प बसले नसते. कशाचा असतो तो तळ?"

"लोखंडाचाच. जाड असतो."

सुलेखाबाईंनी शेवटचं थालीपीठ ताटलीत काढलं, शेगडी बंद केली आणि तव्याकडे पाहिलं. नागपूरच्या लोहाराकडून त्यांच्या आईनं ठोकून घेतलेला जाड तवा. तीस वर्षांपूर्वी सुटकेसमधून आलेला. त्याला त्या साबण लावू देत नसत, रुहीलासुद्धा हात लावू देत नसत. तो तवा त्यांनी फडक्यात धरला आणि शेजारच्या पिटमधल्या हेक्टरसमोर ठेवला. "कट इट," म्हणाल्या.

हेक्टर ज्याचा मेकॅनिक होता, तो रायडर रुहीच्याच हीटमध्ये होता. पण पिटमध्ये कुणाची अडचण असली की हत्यार देतात, आधी हिशेब करत नाहीत. शिवाय त्याच्या पोटात आईची दोन थालीपिठं होती. त्यानं तवा कापला, ठोकून वाकवला, पट्टे जोडले, कडा घासल्या. तपासणीवाल्यानं कडांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे आहे तरी काय?

"व्हेरी गुड आयर्न," सुलेखाबाईंनी त्याला बजावलं.

स्टार्टची दोरी वर उडाली आणि रुही तिसरी सुटली. पहिल्या वळणाला तिनं पाय टेकवला. तीस वर्षं तेल प्यालेला तवा मातीवरून असा सरकला, की तीच क्षणभर दचकली. दुसऱ्या फेरीत तिनं एकाला मागे टाकलं. खांदा ठणकत होता, तो तिनं ठणकू दिला. शेवटच्या वळणावर पुढे असलेल्या हेक्टरच्या रायडरनं आतली बाजू हातभर सोडली. इतक्या जागेत कुणी शहाणं माणूस गाडी घालत नाही. तिनं घातली, आणि अर्ध्या चाकानं पुढे निघाली.

ती परतली तेव्हा सुलेखाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. रेसभर त्यांनी डोळे मिटले नव्हते.

"सॉरी, आई. मघाशी बोलले त्याबद्दल. आणि तव्याबद्दल."

सुलेखाबाईंनी खाली बसून तिच्या बुटाचे पट्टे सोडले. मातीनं माखलेला, अजून गरम असलेला तो तळ फडक्यात घेतला, बॅगेत प्रसादाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि चेन लावली.

"फायनलची बॅगही मीच भरणार," त्या म्हणाल्या.