गुंजेची बरणी

सोजरबाई तेजूला माझ्याबरोबर पाठवायला तयारच नव्हत्या, मीच हट्टाला पेटले. नसती उठाठेव कुणी सांगितली होती मला!

सोजरबाई आमच्या घरमालकीण. बिबवेवाडी हे गाव होतं तेव्हापासून तिथल्या. वरच्या मजल्यावर त्या, मुलगा विक्रम, सून आणि नात तेजस्विनी. खाली भाड्यानं आम्ही तिघं, म्हणजे मी दीपमाला, माझे यजमान बद्रीनाथ आणि आठ वर्षांचा शुभंकर. त्या रविवारी सकाळी मी शुभंकरला म्युझियम दाखवायला निघाले, तर सहा वर्षांची तेजू जिन्यात सँडल घालून उभीच.

"जपून ने गं बाई," सोजरबाई म्हणाल्या. "आमच्यात यकुलती एक हाय. हात सोडू नगं तिचा."

"अहो काकू, म्युझियम आहे ते, जत्रा नाही," मी म्हटलं. पण रिक्षात बसले आणि विचार सुरू झाले. आपलं पोर धडपडलं तर आपण बघून घेतो. दुसऱ्याच्या पोराचा गुडघा खरचटला तरी जन्मभर ऐकावं लागतं, आणि इथं तर घरमालकिणीची नात! मी तेजूचं मनगट इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "काकू, सोडा ना, घाम येतोय."

म्युझियम म्हणजे पर्वतीच्या पायथ्याशी एका बंगल्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. सत्यशीला मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि आयुष्यभर जमवलेलं सगळं त्यांनी तिथं मुलांसाठी मांडून ठेवलं. भिंतीवर मोठी पाटी होती, 'हात लावा'. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर अशी पाटी वाचली की माणसाला आधी संशयच येतो.

पोरांनी मात्र धुमाकूळ घातला. म्हशीच्या कवटीत बोटं घालून झाली, सापाची कात गालावरून फिरवून झाली. एका लाकडी पेटीला भोक होतं. न बघता आत हात घालायचा आणि काय आहे ते ओळखायचं. तेजूनं खांद्यापर्यंत हात घातला आणि कणीस ओळखलं. शुभंकर मागे सरकला.

"घाल की हात! वाघ बसलाय का आत? भित्री भागूबाई!" मी म्हटलं. दोन-तीन आयांनी वळून बघितलं. माझा आवाजच तसा आहे. बद्रीनाथ म्हणतात, तुला फोन कशाला लागतो, गच्चीवर जाऊन बोल, तुझ्या माहेरी परभणीला ऐकू जाईल.

त्यात मी शुभंकरवर आदल्या रात्रीपासून चिडलेली. सोमवारी शाळेत त्याला कविता म्हणायची होती, महिनाभर मी घोटून घेतली होती. आणि या दिवट्यानं चोरून बर्फाचा गोळा खाल्ला. घसा पार बसला. रात्रीपासून माझी टकळी सुरू होती. "म्हण आता सोमवारी बेडकासारखी कविता, म्हणजे माझं नाक कापलं जाईल एकदाचं." तो नुसता खाली मान घालून ऐकायचा. मी बोलायला लागले की तो असाच गप्प होतो, आणि त्याचा मला आणखी राग येतो.

दुसऱ्या खोलीत बियांचं टेबल होतं. चिंचोके, सागरगोटे, रिठे, सगळं वाट्यांमधून उघडं मांडलेलं. मागच्या फळीवर सोनाराच्या छोट्या तराजूशेजारी काचेची बरणी होती. तिच्यात गुंजा, लालभडक, टोकाला काळा ठिपका. आणि बरणीवर चिठ्ठी, 'ही फक्त बघा. उघडू नका.'

"आलं! शेवटी पुणं ते पुणंच," मी म्हटलं आणि झाकण फिरवलं.

गुंज मला कोण शिकवणार? माझ्या वडिलांची परभणीला स्टँडजवळ पानटपरी होती. विड्यात गुंजेचा पाला घालतात, गोड लागतो. भजनी मंडळातले लोक घशासाठी तो मुद्दाम मागून न्यायचे. मी मोठ्या तोऱ्यात दोघांच्या तळहातावर गुंजा ठेवल्या आणि सांगितलं, "गुंज म्हणजे घशाला अमृत! तोंडात धरली की बसलेला आवाज खणखणीत." पाला म्हणाले की नुसतं गुंज म्हणाले, ते मला आता शपथेवरही सांगता येणार नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तेवढ्यात बद्रीनाथांचा फोन आला, दुपारी जेवायला काय आहे विचारायला, आणि मी खिडकीशी गेले.

मागून मॅडमचा आवाज आला. "ही बरणी कुणी उघडली?"

मॅडम ओरडल्या नव्हत्या. त्यांनी इतक्या हळू विचारलं की माझ्या अंगावर काटा आला.

तेजूचा तळहात रिकामा होता. "तुझ्या हातातली कुठंय गं?" मी विचारलं.

"गिळली," ती म्हणाली, गोळी-बिस्कीट खाल्ल्यासारखं.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. "चावलीस का बाळा? की नुसती गिळलीस?" तेजूनं खांदे उडवले. मॅडमचा चेहरा उतरला. घशासाठी पाला खातात ना, असं मी पुटपुटले, तशा त्या म्हणाल्या, "अहो, पाला वेगळा आणि बी वेगळं. बी विषारी असतं. टरफल कडक असतं, म्हणून अख्खी गिळली तर बहुतेक तशीच बाहेर पडते. पण चावून फोडली असेल तर..."

"तर काय?"

"जिवावर बेततं. निघा तुम्ही. थांबू नका." त्यांनी दोन गुंजा कागदात बांधून माझ्या हातात दिल्या, डॉक्टरांना दाखवायला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेजूला कडेवर घेऊन मी रस्त्यावर धावले, शुभंकर मागून. रिक्षा मिळाली, पण सिग्नलला अडकली. मी तेजूच्या तोंडात बोट घालून बघत होते, दातांना काही लाल लागलंय का. ती माझं बोट चावत होती आणि हसत होती. मला डोळ्यांपुढे फक्त सोजरबाई दिसत होत्या. काय सांगू त्यांना? हात सोडला म्हणून सांगू? बरणी मीच उघडली म्हणून सांगू?

मग माझी गाडी शुभंकरवर घसरली. "आणि तू काय करत होतास? मोठा ना तू? लक्ष कुठं होतं? बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

तो बाहेर बघत बसला. मध्येच त्यानं पाणी मागितलं, तर मी म्हटलं, गप बस, इथं जीव टांगणीला लागलाय आणि तुला पाणी सुचतंय.

हॉस्पिटलात डॉक्टर तिशीतल्या होत्या. त्यांनी कागदातल्या गुंजा बघितल्या, कुणाला तरी फोन लावला आणि तेजूला टेबलावर बसवलं. टॉर्च लावून तोंड बघितलं. "बाळा, तू ती बी चावलीस?"

"नाही," तेजू म्हणाली. "मला फुटलीच नाही. शुभूदादानं मात्र फोडून खाल्ली. त्याची दाढ मोठी आहे ना."

डॉक्टर वळल्या. मी वळले. शुभंकर दारापाशी भिंतीला टेकून उभा होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. अख्ख्या रस्त्यात मी एकाही क्षणी विचार केला नव्हता की गुंजा मी दोघांच्या हातावर ठेवल्या होत्या.

"चावलीस?" मी ओरडले. "शुभंकर, चावलीस तू?"

"नाही."

"खरं सांग!"

"नाही चावली. तेजू खोटं बोलते."

डॉक्टरांनी माझ्या दंडाला धरलं. "तुम्ही जरा बाहेर थांबा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी आई आहे त्याची. त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

मधे फक्त हिरवा पडदा होता. मला सगळं ऐकू येत होतं. आधी डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं. मग त्याचा तो बसका आवाज.

"दोन खाल्ल्या. चावून. घसा बरा व्हायला." आणि मग, "आईला सांगू नका. ती खूप ओरडेल."

बाकावर बसले ती मला उठताच येईना. पोरानं विष खाल्लं होतं आणि त्याला भीती माझी वाटत होती. मी तोंडात पदर कोंबून रडले, कारण आता आवाज करायचीही मला भीती वाटत होती.

त्यांनी त्याला कोळशाची औषधी पूड पाण्यात कालवून पाजली, सलाइन लावलं, रक्त घेतलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्याच्यावर उतारा नसतो. लवकर आणलंत हे चांगलं. पहिले काही तास काहीच जाणवत नाही. पोटात दुखलं, मळमळलं, तर आम्हाला लगेच कळायला हवं, म्हणजे पुढचं बघता येतं. त्यानं ते लपवता कामा नये. एवढं एक तुम्ही सांभाळा."

नेमकं तेवढंच मला जमण्यासारखं नव्हतं.

पोरांनी गुंजा खाल्ल्या आणि शुभंकरनं ते लपवलं, एवढं मी फोनवर सांगितलं होतं. सोजरबाई विक्रमबरोबर आल्या. मी उभी राहिले, म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला. तेजूला त्यांनी आधी चाचपून बघितलं. ती शेजारच्या खाटेवर केळं खात होती. तिची गुंज अख्खी होती, घाबरण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग सोजरबाईंनी शुभंकरकडे बघितलं, कोळशानं काळ्या झालेल्या ओठांकडे, आणि मग माझ्याकडे.

"आमच्या पोरीनं गिळली, तर गिळली म्हनून बोलली," त्या म्हणाल्या. "तुझं ल्येकरू का बोलंना गं?"

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बद्रीनाथ आले, औषधं आणायला खाली-वर करत राहिले. मी खाटेशी बसून होते. दर थोड्या वेळानं विचारत होते, "पोटात दुखतंय का रे?"

"नाही."

"मळमळतंय?"

"नाही."

ऊन उतरलं. वॉर्डात चहावाला येऊन गेला. मी पुन्हा विचारलं, पुन्हा "नाही". पण आता त्याच्या पायाची बोटं चादरीखाली मिटत होती आणि उघडत होती. वरच्या ओठावर घाम होता. आठ वर्षं वाढवलाय त्याला, मला कळत नाही का? आणि तरी मला खात्री नव्हती. तो खोटं बोलतोय की मीच भीतीनं वेडी झालेय? ओरडून विचारलं तर तो आणखी मिटणार. नाही विचारलं तर विष आत पसरत जाणार. घशापर्यंत आलेलं "खरं बोल!" मी गिळलं. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

मी खाटेवर त्याच्या पायाशी चढून बसले. "शुभू," मी म्हटलं, "मला फार भीती वाटतेय रे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"बरणीवर लिहिलं होतं, उघडू नका. मी वाचलं होतं. वाचून उघडली. घशाला चांगली असते असं मीच सांगितलं. तू माझंच ऐकलंस. तुझं काहीच चुकलं नाही."

"गोळा खाल्ला ना मी."

"खाल्लास तर खाल्लास. मसणात गेला गोळा. कविताही मसणात गेली."

तो थोडा वेळ माझ्या बांगड्यांकडे बघत राहिला. "तू रडलीस का बाहेर?"

"हो. पुष्कळ."

"मला वाटलं, तू चिडून बाहेर बसलीस."

मी त्याचा पाय धरून बसले, चादरीवरूनच. तो थंड लागत होता. बद्रीनाथ दारात आले, आमच्याकडे बघून तिथंच थांबले.

मग शुभंकर म्हणाला, "आई, दुखतंय."

"कुठं?"

"इथं. मघापासून. खूप."

मी खाटेवरून उडी मारली. अनवाणी धावले, नर्सला हाक मारली, डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर आल्या, त्याचं पोट दाबून बघितलं, कधीपासून ते विचारलं. त्यानं सगळं नीट सांगितलं, चहावाला यायच्या आधीपासून म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, "शाब्बास. आत्ता सांगितलंस ते फार बरं केलंस. आता पुढचं आम्ही बघतो." दुसरं सलाइन आलं, मशीन आलं, आणखी एक डॉक्टर आले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळत नव्हतं.

नर्स पडदा ओढायला लागली आणि मला म्हणाली, "ताई, बाहेर थांबा." मी निघाले. आपण नसलेलंच त्याला बरं, असं मला खरंच वाटलं.

"आई राहू दे इथं," शुभंकर म्हणाला.

नर्सनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली. मी त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिले.