मागच्या सीटवरचं तक्रार खातं

घड्याळवाल्याचं पोट त्याच्या कानांवर चालायचं. बाकीचे दुरुस्तीवाले घड्याळ उघडून आत डोकावतात. हा ते न उघडताच कानाशी धरायचा आणि कुठल्या चाकाचा कितवा दात झिजलाय ते सांगायचा. त्यामुळे दुकानातल्या मोठ्या घड्याळाची टिकटिक डाव्या कानाला ऐकू येईनाशी झाली, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

"इंजिनामुळे नाही, वाऱ्यामुळे," कानाचे डॉक्टर म्हणाले. "हे हेल्मेट आहे की भोंगा? एकोणीस वर्षं रोज डोक्याभोवती वादळ बांधून हिंडताय. शांत हेल्मेट घ्या. नाहीतर वर्षभरात घड्याळं वास घेऊन दुरुस्त करावी लागतील."

ते हेल्मेट सासऱ्यांनी लग्नात दिलेलं होतं आणि फुकटातली वस्तू टाकवत नाही, हा घड्याळवाल्याचा जुना रोग. रोज सकाळी तो बायकोला मोटरसायकलवरून कचेरीत सोडायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. ती पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत बसायची. सबंध वाटेत ती मागून काहीतरी बोलत असायची. त्याला नुसतं घोंघावणं ऐकू यायचं. मग घोंघावण्यात खंड पडला की तो मान डोलवून "हं" म्हणायचा. "आमच्यात कधी भांडण म्हणून नाही," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि बिचारा खोटं बोलत नव्हता.

शनिवारी दुपारी दोघं हेल्मेटच्या दुकानात गेली. दुकानदाराला सगळे डोकेमास्तर म्हणत. तो पूर्वी शिंपी होता आणि गळ्यातली मापाची पट्टी त्याने अजून उतरवली नव्हती. स्टुलावर चढून त्याने घड्याळवाल्याचं डोकं वरून न्याहाळलं.

"डोकं लांबट आहे तुमचं. आणि हे हेल्मेट गोल डोक्याचं. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या चपला घालून चाललात म्हणा ना."

दुकानाचा नियम असा की हेल्मेट तासभर डोक्यावर ठेवल्याशिवाय विकत मिळायचं नाही. "पहिली पंधरा मिनिटं डोकं पाहुण्यासारखं गोड बोलतं," मास्तर म्हणाला. "कपाळ कुठे दुखतं, कान कुठे चेपतो, हे नंतर कळतं." भिंतीशी बाकावर चार हेल्मेटं ओळीने बसली होती. एक वर्तमानपत्र वाचत होतं, एक घोरत होतं. घोरणारं परवापासून होतं, पण त्याला हाक मारून उपयोग नव्हता.

दुकानाच्या मधोमध बिनचाकांची मोटरसायकल जमिनीला ठोकलेली होती, आणि तिच्यासमोर बंद पडलेल्या गिरणीतला माणसाएवढा पंखा. मागे माणूस बसवल्याशिवाय चाचणी व्हायची नाही, कारण मागच्या माणसाने वाऱ्याची वाट बदलते, असं मास्तरचं शास्त्र होतं. गिऱ्हाईक एकटंच आलं तर त्याच्या मागे मास्तरची आई बसायची. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईने बसल्या जागी हजारो मैल तुडवले होते. आज तिला सुट्टी मिळाली म्हणून ती शेजारी खुर्ची टाकून बसली.

पहिलं हेल्मेट चढलं. मास्तरने ते हनुवटीशी धरून डावी-उजवीकडे वळवलं. "गाल बरोबर फिरला पाहिजे. गाल मागे राहिला तर पडताना हेल्मेट एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे." गाल मागे राहिला. दुसरं मागून वर ओढल्यावर बुचासारखं निघून आलं. तिसरं घट्ट बसलं, सुरक्षित होतं, कपाळालाही टोचत नव्हतं. तासाभराने मास्तरने पंखा सुरू केला. वाऱ्याचा भपकारा अंगावर येताच मागे बसलेल्या बायकोची जीभ रोजच्या सवयीने आपोआप सुटली. घड्याळवाल्याला घोंघावणं ऐकू आलं. त्याने मान डोलवून "हं" म्हटलं.

मास्तरची आई मात्र डोळ्यांना पदर लावून हसत होती. पंख्याजवळ जन्म गेल्याने ती कानांनी नव्हे, ओठांवरून ऐकायची. वर्तमानपत्रवालं हेल्मेटही पान उलटायचं थांबलं होतं.

"आवाज फार," घड्याळवाला म्हणाला. "दुसरं बघू."

चौथं हेल्मेट डोक्यात गेलं आणि जग दार लावून बाहेर गेलं. तासभर तो डुलक्या घेत बसला. कुठे टोचेना, कुठे दाटेना. पंखा सुरू झाला. वारा छातीवर आपटत होता, पण कानाशी त्याची कुजबुजसुद्धा नव्हती. आणि त्या शांततेत, अगदी खांद्याशी, एक स्वच्छ, सरकारी आवाज आला.

"तक्रार क्रमांक सात हजार चारशे अकरा. अर्जदार: मी. विषय: घरातली घड्याळं. जगाची वेळ लावणाऱ्याच्या घरात पाच घड्याळं पाच निरनिराळ्या वेळा दाखवतात. क्रमांक बाराशे तीन आणि चार हजार नव्वदच्या अनुषंगाने हे दुसरं स्मरणपत्र. सात हजार चारशे बारा. विषय: माझा वाढदिवस. तो मंगळवारी झाला."

आवाज थांबला. इथे "हं" म्हणायची जागा होती. तोंडात आलेलं "हं" घड्याळवाल्याने गिळलं.

मग बायकोने हेल्मेटवर बोटाने टकटक केली. "ऐकू आलं?"

"आलं."

ती ताडकन खाली उतरली. "हे नको," ती मास्तरला म्हणाली. "मघाचं तिसरं बांधून द्या."

"अगं, पण माझे कान?"

"दिवसभर मी लोकांचं ऐकते हो! नळ, गळती, गढूळ पाणी. माझं ऐकायला एक हेल्मेट होतं. मनातलं सगळं त्याच्या पाठीवर ओतायचं आणि घरी हसतमुख जायचं, असं चाललं होतं माझं. आता तुम्हाला ऐकू आलं तर मी एक अक्षर बोलायची नाही. आणि सगळं बोललेच, तर तुम्ही घरात थांबणार नाही."

"तिचं खरं आहे," मास्तरची आई म्हणाली. "हे हेल्मेट सात नवऱ्यांनी परत आणून दिलंय. टोचतं म्हणाले."

"कुठे टोचतं?"

"ते एकालाही दाखवता आलं नाही."

घड्याळवाल्याला भीती वाटली. तिसऱ्या हेल्मेटात उरलेला कान गेला असता, पण संसार होता तसा सुखात राहिला असता. चौथ्यात सात हजार चारशे बारा तक्रारी होत्या. त्याने मोठ्या कष्टाने मान हलवली. गालही बरोबर फिरला. "हेच द्या," तो म्हणाला.

परतताना बायको खरंच एक अक्षर बोलली नाही. त्याला चेनची करकर ऐकू आली, मागच्या ब्रेकची कुरकुर ऐकू आली, तिच्या पर्सच्या बंदाचं खुळखुळणंही ऐकू आलं. एकोणीस वर्षं ज्या घोंघावण्याला तो वारा समजत होता, ते नाहीसं झालं होतं आणि त्याला भयंकर एकटं वाटत होतं. तिने कायमचं तोंड मिटलं तर हे महागामोलाचे कान घेऊन तो काय करणार होता? घड्याळं ऐकणार?

लाल दिव्यापाशी त्याने गाडी थांबवली. तिच्या कचेरीच्या आत तो एकदाच गेला होता, पण खिडकीतून ती प्रत्येकाला काय म्हणते ते त्याच्या लक्षात होतं. त्याने मान मागे वळवली.

"बोला, ऐकतोय," तो म्हणाला. "सुरुवातीपासून सांगा."

दिवा हिरवा झाला. मागची गाडी ठणाणा करू लागली, तेव्हा त्याने गिअर टाकला. दोन चौक मागे पडले. मग खांद्याशी आवाज आला, आणि तो सरकारी नव्हता.

"क्रमांक एक. लग्नानंतर चौथ्या दिवशी याच गाडीवर मी विचारलं होतं, माझ्याशी लग्न करून तुम्ही खूश आहात का. तुम्ही म्हणालात, हं."

घड्याळवाल्याला काचेतून पुढचं नीट दिसेना. त्याने वेग कमी केला.

"हो," तो म्हणाला. "खूश आहे."

मागे तिने नाक ओढल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"नोंद झाली," ती म्हणाली. "क्रमांक दोन."

घराचं वळण आलं. त्याने ते जाऊ दिलं.