रॅम्पवरची बाभूळ

कवठवाडीत कोणतीही गोष्ट बांधून झाली की ती लगेच वापरायची नसते. आधी ती जपायची असते, भाऊंच्या हातून फीत कापली जाईपर्यंत. पाण्याची नवी टाकी रंगरंगोटी होऊन उभी राहिली, तरी बायका हंडे घेऊन तिच्याच सावलीतून टँकरमागे धावायच्या, कारण टाकीला भाऊंची तारीख मिळाली नव्हती. बसथांब्याच्या शेडखाली पावसात कुणी उभं राहिलं, तर दुसरा कुणी भिजत ओरडायचा, "अबे, बाहेर हो! उद्घाटन व्हायचं हाये त्याचं." भाऊ म्हणजे त्या भागाचे मोठे पुढारी. त्यांच्याआधी कुणी हात लावला तर पुढचा निधी येत नाही, असा गावाचा पक्का समज होता. तो खरा की खोटा, हे तपासून पाहायला कुणी तयार नव्हतं. चुकलं तर निधी जायचा.

या गावची सरपंच अंबूबाई. म्हणजे सही अंबूबाईची, आणि शिक्का तिच्या नवऱ्याच्या, शंकररावांच्या खिशात. जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा शंकररावांचे प्रचाराचे कपडे शिवून तयार होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी बायकोला उभं केलं. ग्रामपंचायतीत मोठ्या खुर्चीवर ते बसत, अंबूबाई बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. ग्रामसेवक जीवन दोघांच्या मध्ये बसे आणि मान मोठ्या खुर्चीकडे ठेवी.

पण एक काम अंबूबाईने स्वतःच्या हट्टाने करून घेतलं होतं. शाळेचा रॅम्प.

शाळेचा जोता उंच, पायऱ्या त्याहून उभ्या. चौथीतल्या मलिहाच्या पायांत जन्मापासून जोर नाही. मोताळ्याच्या शिबिरात तिला चाकांची खुर्ची मिळाली होती, पण ती पायऱ्यांपाशी येऊन थांबायची. मग तिची आई, शाइस्ता, पोरीला कडेवर घेऊन वर चढायची. पोरगी वाढत होती, कड काही वाढत नव्हती. अंबूबाईने ग्रामसभेत रॅम्पचा विषय लावून धरला आणि दिवाळीच्या आधी रॅम्प झालासुद्धा. चांगला रुंद, बाजूला धरायला लोखंडी पाइप.

सिमेंट वाळायच्या आत शंकररावांनी भाऊंच्या नावाची काळी पाटी भिंतीत बसवली, आणि सिमेंट वाळल्यावर रॅम्पच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. कुणी आधी चढू नये म्हणून. भाऊंनी तारीख दिली, ती एका लग्नासाठी परत घेतली. दुसरी दिली, तर मुंबईला जावं लागलं. मग जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. जीवनने पाटीवर खळ लावून वर्तमानपत्र चिकटवलं. काट्या होत्या तिथेच राहिल्या.

इकडे शाइस्ताला दिवस गेलेले. डॉक्टरीणबाईंनी वजन उचलायला साफ मनाई केली. नवरा नौशाद गाद्या पिंजायचं यंत्र घेऊन सकाळीच खेड्यापाड्यांत जाई. मलिहा घरीच बसली.

मुख्याध्यापिका संजीवनी मॅडम एका दुपारी अंबूबाईच्या दारात आल्या.

"ताई, मलिहा अशीच गैरहजर राहिली, तर मला तिचं नाव गृहाधारित शिक्षणात टाकावं लागेल. वरून सारखी विचारणा होते."

"म्हंजे काय होते?"

"मुलगी घरीच राहते. शिक्षक जमेल तसे घरी जाऊन शिकवतात."

"जमते का त्याइले?"

मॅडम पदराशी चाळा करत राहिल्या.

"मंग तुम्हीच काट्या काऊन नाई काढत?"

"मी नोकरी करते, ताई. रॅम्प ग्रामपंचायतीचा."

"अन् ग्रामपंचायत कोणाची?" अंबूबाईने विचारलं. विचारल्यावर तिच्या लक्षात आलं, की उत्तर तिलाच द्यायचं आहे.

ती तडक ग्रामपंचायतीत गेली. शंकरराव मोठ्या खुर्चीत चहा पीत होते.

"रॅम्पवरच्या काट्या काढा."

"अवं, आचारसंहिता हाये!"

"पोरीले शाळेत जायले आचारसंहिता लागते काय?"

जीवन खाकरला. "ताई, सध्या उद्घाटन करता येत नाही."

"उद्घाटन कोण म्हणते? मी चढू द्या म्हणते."

"चढलं म्हणजे वापर झाला, अन् वापर झाला म्हणजे लोकार्पण झाल्यासारखंच की. कुणी फोटो काढून टाकला तर?"

"फोटोत काय दिसीन? पोरगी दिसीन!"

जीवनची मान आपोआप मोठ्या खुर्चीकडे वळली. शंकररावांनी बशी खाली ठेवली. "भाऊच्या आधी कोणी चढलं, तं मी भाऊले काय तोंड दाखवू?"

"तुमचं तोंड भाऊ रोज पाह्यते. मलिहाले फळा कधी दिसीन?"

"निकाल लागू दे. जो निवडून येईन त्याच्या हातून करू. एवढे दिवस थांबली, अजून थांबीन ते."

दुसऱ्याला थांबायला सांगताना माणसाला बसायला गादी असली की सोपं जातं. अंबूबाईच्या ओठांवर हे आलं होतं, पण चहा आणणारा पोऱ्या दारात उभा होता. सरपंचीण नवऱ्याला बोलली, हे गावभर व्हायला एक चहा पुरतो.

संध्याकाळी ती शाइस्ताकडे गेली. चाकांच्या खुर्चीवर धुतलेली दुलई वाळत होती. मलिहा ओसरीवर बसून भिंतीवर कोळशाने पाढे लिहीत होती. अंबूबाईला पाहून तिने पहिला प्रश्न केला, "सरपंचआजी, खिडकीजवळची माझी जागा अर्पितानं घेतली काय?"

"नाई बाप्पा. राखून ठेवली हाये तिनं," अंबूबाईने ठोकून दिलं.

शाइस्ता तिला दारापर्यंत सोडायला आली. आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, एकदा नाव कटलं का कटलंच. मलेबी सातवीत 'थोडे दिवस' म्हणूनच घरी बसोलं होतं."

अंबूबाईकडे नुसता राग होता, आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. ग्रामसेवक म्हणे कायदा, मॅडम म्हणे नोकरी, नवरा म्हणे भाऊ. जो तो आपापल्या जागी बरोबर, आणि पोरगी घरी.

मतदानाच्या आदल्या दिवशी तहसीलची गाडी आली. केंद्र शाळेतच होतं. पेट्या उतरवता उतरवता साहेबांची नजर काट्यांवर गेली.

"हे काय आहे? दिव्यांग मतदारांसाठी रॅम्प मोकळा पाहिजे! आत्ताच्या आत्ता काढा."

आणि अंबूबाईने आपल्या डोळ्यांनी पाहिलं, ज्या नवऱ्याला इतके दिवस सांगून काट्या हलल्या नव्हत्या, तो बाह्या सरसावून स्वतः त्या ओढत होता. "हाव साहेब, हे काय, झालंच साहेब." फांद्या शाळेच्या भिंतीकडेला गेल्या. रॅम्प झाडला गेला, दोन्ही बाजूंनी चुना पडला, वर जायचा बाणसुद्धा काढला.

दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळलेले इंद्रभानबुवा तहसीलच्या चाकांच्या खुर्चीतून मतदानाला आले. खुर्ची ढकलत होते शंकरराव. अर्ध्या रॅम्पवर थांबून त्यांनी मोबाइलवाल्या पोराला हाक मारली, पाटीवरचं वर्तमानपत्र फोटोत येणार नाही असे वळले, आणि हसले. फोटो दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या मोबाइलांत पोचला.

बोटाला शाई लावून अंबूबाई बाहेर आली. जीवन बाणापाशी उभा होता.

"काऊन जीवनभाऊ, आता नाई होऊन राह्यलं लोकार्पण?"

"ताई, हे मतदान आहे."

"अस्सं. मत असलं का चाक चढते." ती रॅम्पकडे पाहत म्हणाली. "मलिहाले सांगते मी, अठरा वर्षांची होऊन ये म्हणून."

दिवस मावळायच्या सुमारास पेट्या गाडीत चढल्या. गाडीची धूळ खाली बसली नाही, तोच शंकररावांचा आवाज आला, "काट्या कुठं हायेत बे? तिथंच राहू द्या आता. सकाळी परत टाकून घेऊ." एवढं सांगून ते मंडळींबरोबर कोण किती मतांनी येतं याचा अंदाज बांधायला पारावर गेले.

अंबूबाई घरी गेली आणि जाड दोराचा सोल घेऊन परत आली. फांद्या बांधून तिने भररस्त्याने ओढत आणल्या. वाटेत पार लागला, पारावर नवरा होता, नवऱ्याची मंडळी होती. कुणी वर पाहिलं नाही. सरपंचीण कार्यालयात बोलली तर गावभर होतं; सरपण ओढत चाललेली बाई कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

शंकरराव भुकेले होऊन घरी आले. चूल धडधडून पेटली होती.

"अवं, गॅस असून चूल काऊन?"

"सरपण फुकटचं भेटलं. म्हटलं, तुम्हाले चुलीवरची आवडते."

त्यांनी ज्वारीच्या भाकरी मिरचीच्या ठेच्याशी पोटभर खाल्ल्या आणि बाभळीच्या विस्तवावरच्या भाकरीला तोड नाही, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. अंबूबाई दिव्याखाली सुईने तळहातातले काटे काढत बसली होती. हाताला काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही.

सकाळी जीवनचा फोन आला, की भिंतीकडेला फांद्याच नाहीत. शंकररावांनी चुलीतल्या राखेच्या ढिगाकडे पाहिलं, मग घरभर पाहिलं. बायको घरात नव्हती.

ते मोटारसायकल घेऊन शाळेवर पोचले, तेव्हा चाकांची खुर्ची बाणाच्या शेपटाशी उभी होती. शाइस्ता बाजूला दप्तर धरून होती. खुर्चीच्या मागे अंबूबाई होती.

"थांब! अवं, भाऊ काय म्हणतीन? उद्घाटन..."

"झालं ना ते," अंबूबाईने मागे न पाहता खुर्चीला जोर लावला. "परवा काट्या तुम्ही काढल्या, काल इंद्रभानबुवाले तुम्ही चढोलं. फोटो हाये. भाऊनं काय म्हणायचं ते फोटोले म्हणावं. नाई तं त्याइले टाकी दाखवा, ते वाट पाहून राह्यली."

शंकररावांनी मोबाइल काढला. फोटोत ते छान हसत होते. तेवढ्यात खुर्ची वर पोचली.

संजीवनी मॅडमनी दार पूर्ण उघडलं. खिडकीजवळ अर्पिता बसली होती, पाटी-दप्तर पसरून.

"ऊठ वं," मलिहा दारातूनच ओरडली. "माझी जागा हाये ते!"

"काऊन? तू तं येतच नव्हती."

"सरपंचआजीनं सांगतलं, तू राखून ठेवली म्हणून!"

अर्पिताने आश्चर्याने अंबूबाईकडे पाहिलं. अंबूबाई घाईघाईने चप्पल शोधायला लागली. मागे भांडण चांगलंच रंगलं होतं आणि मॅडम त्यात पडत नव्हत्या.