गुरूचा घेर

शिंपिणीच्या दुकानात त्या आठवड्यात माणसांची मापं बाजूला पडली आणि ग्रहांची सुरू झाली. बुधापासून नेपच्यूनपर्यंत आठही जणांची यादी लेकीने सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. पृथ्वी दहा सेंटिमीटर, गुरू एकशे बारा, शनी पंचाण्णव. लेक विज्ञान केंद्रात नुकतीच लागली होती. तिथल्या दालनात टांगायला कापडी ग्रह हवे होते, आणि लेकीने मोठ्या मॅडमना सांगितलं होतं, "ओळखीची एक शिंपीण आहे."

ओळखीची! नऊ महिने पोटात वाढवल्यावर थोडीफार ओळख व्हायचीच. नव्या नोकरीत वशिला दिसायला नको, हे शिंपिणीला कळत होतं. तरी तो शब्द टोचला तो टोचलाच.

पण रुसून काम बिघडवणाऱ्यातली ती नव्हती. शनीचं कडं तिने कॉलरसारखं कडक शिवलं, गुरूला लाल डागाचं ठिगळ लावलं, उरलेल्या कातरणीत कापूस कोंबून मूठभर लघुग्रहही केले. गोल वस्तूचं माप म्हणजे घेर. छाती असो, कंबर असो नाहीतर गळा, तीस वर्षं तिने टेप गोल फिरवूनच आकडा घेतला होता. बुध शर्टाच्या बटणाएवढा निघाला तेव्हा ती क्षणभर थबकली, पण शिकल्यासवरल्या लोकांपुढे आपण काय बोलायचं! लेकीलाही तिने काही दाखवलं नाही. एकदम दाखवून थक्क करायचं होतं.

आणि लेक थक्क झालीच. दालनात सगळ्यांसमोर गाठोडं सोडलं, तेव्हा गुरू उशीएवढा निघाला आणि पृथ्वी लिंबाहून लहान.

"अहो, हे काय?" मोठ्या मॅडम म्हणाल्या. "व्यास एकशे बारा हवा होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत! तुम्ही घेर धरलात की काय?"

कागदावर व्यास हा शब्दच नव्हता. पण तसं म्हणावं, तर लेकीच्या नव्या नोकरीवर डाग. शिंपिणीने पदर सावरला आणि परक्या माणसाने बोलावं तसं म्हणाली, "चूक माझीच, मॅडम. या ताईंनी सगळं नीट समजावलं होतं. माझंच डोकं चाललं नाही."

"मग असल्या बाईला पुन्हा बोलावू नका," मॅडमनी लेकीला बजावलं.

लेकीचा चेहरा पार उतरला. एकदा तिने कागदाकडे पाहिलं, एकदा शिंपिणीकडे.

"व्यास लिहायला मीच विसरले, मॅडम," ती म्हणाली. "आणि पुन्हा बोलावू नका म्हणता, ते कसं जमायचं? आई आहे ती माझी."

मॅडमची नजर दोघींच्या सारख्याच नाकांवरून फिरली.

"आणि सगळेच ग्रह घेराने शिवलेत," लेक आता थांबेचना. "म्हणजे सगळे सारख्याच पटीने लहान झालेत. एकमेकांच्या तुलनेत एकही चुकलेला नाही."

मॅडमनी गुरूला टेप लावला, मग पृथ्वीला. पुटपुटत काहीतरी गुणलं, वर छताकडे पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "सूर्य पृथ्वीच्या एकशे नऊ पट. आपल्या मापाने तो अकरा मीटरचा होत होता, म्हणून सोडून दिला होता. सूर्याशिवाय सूर्यमाला, लोक हसलेच असते आपल्याला! या मापाने साडेतीन मीटर. समोरच्या भिंतीवर आरामात बसेल." त्या शिंपिणीकडे वळल्या. "शिवाल का हो सूर्य?"

"साडेतीन मीटर व्यास हं, आई!" लेक घाईघाईने म्हणाली.

शिंपिणीने मान हलवली खरी, पण आकडा तिच्या कानात शिरलाच नव्हता. लेकीने चारचौघांत तिला आई म्हटलं होतं, तेही एकदा सोडून दोनदा. त्यापुढे सूर्याची काय मातब्बरी!